वाळलेली सायकल

लग्नात सासऱ्यांनी मला सायकल दिली आणि वर्षाच्या आत मी ती वाळवली. हळद वाळवावी, मिरच्या वाळवाव्यात, सांडगे वाळवावेत. पण सायकल वाळवणारा हिंगोली जिल्ह्यात मी पहिलाच असणार. जिल्हासुद्धा तेव्हा जेमतेम महिन्याचा होता, त्यामुळे पहिला नंबर काढणं त्यातल्या त्यात सोपं गेलं.

सासरे सेनगावच्या पुढं सहा-सात किलोमीटर आत राहायचे. सत्तर-ऐंशी शेरडं-मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि पंचक्रोशीत मान. मान कशाचा, तर अंदाजाचा. शेळी विकत घेताना दुसरे लोक दात बघतात, पाठीवरून हात फिरवतात. हे तिच्या पोटाखाली दोन्ही हात घालून तिला उचलायचे, डोळे मिटायचे, दोन श्वास थांबायचे आणि खाली ठेवायचे. तेवढ्यात त्यांना शेळीचं वजन कळायचं, तिला काय चारतात ते कळायचं आणि मालक कसा माणूस आहे तेही कळायचं. बाजारात लोक त्यांना हाताला धरून न्यायचे, "जरा एवढी उचलून बघा" म्हणून. मला बघायला आले तेव्हा समोर बसून माझ्याकडे असे बघत होते, की त्यांचे हात शिवशिवताहेत हे मला स्पष्ट दिसत होतं. मधल्या माणसांनी आवरलं म्हणून बरं.

सायकल मात्र त्यांनी दुकानातल्या अकरा सायकली एकेक उचलून निवडली होती. काळी, बावीस इंची, अंगानं भरलेली. चेनकव्हरवर पिवळ्या रंगात त्यांचं नाव, गावाचं नाव आणि खाली "जावईबापूंस सप्रेम" असं रंगवून घेतलेलं. ती सायकल दारात उभी असली की आमचं दार जरा वाकल्यासारखं वाटायचं.

आता माझं सांगतो. मी हिंगोलीच्या मोंढ्यात एका खताच्या दुकानात कामाला होतो आणि पाच-सहा किलोमीटरवरच्या गावातून रोज सायकलीनं ये-जा करायचो. पण माझी पक्की समजूत अशी होती, की मी मुळात शर्यतीचा सायकलपटू आहे आणि नशिबानं मला युरियाच्या गोण्यांवर बसवलंय. ह्या समजुतीला आधार होता. कॉलेजात असताना तालुक्याच्या शर्यतीत माझा दुसरा नंबर आला होता. स्पर्धक तिघं होते आणि तिसरा वाटेत एका शेतात हुरडा खायला थांबला होता. पण हे तपशील मी कुणाला विचारल्याशिवाय सांगत नसे. रोज सकाळी हिंगोलीच्या वाटेवर मी एसटीशी शर्यत लावायचो. एसटीच्या ड्रायव्हरला ह्या शर्यतीची कधी कल्पना दिली नव्हती, एवढंच.

मार्च महिन्यात एका भंगारवाल्याच्या पत्र्यावर मला दोन रिमा टांगलेल्या दिसल्या. चंदेरी, बारीक, आणि प्रत्येक भोकाला पितळेची नाजूक कडी, नथीच्या भोकाला असावी तशी. नेहमीच्या लोखंडी रिमेच्या हिशोबानं जोर लावून मी एक उचलली, तर हात एकदम वर गेला आणि कोपर मागच्या पत्र्यावर आपटलं. जीव तिथंच जडला. पूर्वी एकदा पुण्याला गेलो असताना चहाच्या टपरीपाशी एका शर्यतवाल्यानं आपली सायकल दोन बोटांवर उचललेली मी पाहिली होती. तिच्या रिमा हुबेहूब अशाच होत्या. नेहमीच्या रिमेला दोन्ही बाजूंनी काठ असतो, त्यात टायर अडकून बसतो. ह्यांना काठच नाही, वरून नुसती उथळ पन्हळ. त्यांचा टायर वेगळा असतो. ट्यूब पोटात घेऊन बंद शिवलेला, सापासारखा. तो रिमेवर चिकटवायचा असतो. हे मला त्या शर्यतवाल्यानं सांगितलं होतं. असा टायर पुण्याच्या अलीकडे मिळत नाही, हेही त्यानं सांगितलं होतं. पण उत्साहाच्या भरात माणूस अर्धंच ऐकतो.

भंगारवाल्यानं रिमा काट्यावर टाकल्या. काटा हलेना. त्यानं काट्याला टिचकी मारली, पुन्हा टाकल्या.

"घेऊन जावा भाऊ," तो वैतागून म्हणाला. "असला माल तोलायची शरम वाटाय लागली मला. खताची रिकामी पोती आणून द्या धा-बारा, मिटलं."

घरी आणल्या तर बायकोनं दोन्ही उजेडात धरून बघितल्या.

"चाळण्या आणल्या व्हय? भोकं लै लांब लांब हायत. मधून ज्वारी नुसती बदाबदा पडंल."

मी तिला वजनाचं महत्त्व समजावून सांगितलं. चाकातलं एक छटाक म्हणजे अंगावरचं एक शेर, वगैरे. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तुमीच थोडं कमी जेवाना. सायकल काहून उपाशी मारता?"

हे तिचं बोलणं पुढं केवढ्याला पडणार आहे, ते मला तेव्हा कळलं नाही.

मोंढ्याच्या भिंतीला लागून लिंबाच्या झाडाखाली उस्तादांचं सायकलचं दुकान होतं. उस्तादांच्या आजोबांनी निजामाच्या अंमलदारांच्या सायकली दुरुस्त केलेल्या, त्यामुळे उस्ताद कुणाच्याही सायकलीकडे जरा वरूनच बघायचे. त्यांनी रिमेला नखानं टिचकी मारली, कानाशी धरली.

"आवाज अच्छा है. भाऊ, ये चलाने की नहीं, बजाने की चीज है."

मग त्यांनी भोकं मोजली. पुन्हा मोजली. मग मला मोजायला लावली. दोन्ही रिमांना छत्तीस-छत्तीस. आणि आपल्या सायकलीचा रिवाज असा, की पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस. चाकाच्या मधल्या हबलाही तितकीच भोकं.

"बत्तीस आगे, चालीस पीछे," उस्ताद म्हणाले, "और ये छत्तीस. ये न आगे की, न पीछे की. वापस कर."

इथं माझ्यातला दुकानाचा नोकर जागा झाला. मी म्हणालो, "उस्ताद, बत्तीस आणि चाळीस किती?"

"बहत्तर."

"छत्तीस आणि छत्तीस?"

"बहत्तर."

"मग? एकूण बराबरच आहे की."

उस्तादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "हौ, कुल मिला के बराबर है. लेकिन भाऊ, चाकां तो अलग अलग फिरतीं ना?"

तरी त्यांनी काम घेतलं. का घेतलं, तर मी म्हणालो की नांदेडला एक मिस्त्री हे करून देतो म्हणे. असा कुठलाही मिस्त्री नव्हता. उस्तादांचा चेहरा बदलला. त्यांनी माझी भरली चाकं उकलली, हब तेवढे ठेवून लोखंडी रिमा लिंबाच्या फांदीला अडकवल्या आणि नव्या रिमा विणायला घेतल्या. मार्ग त्यांनी असा काढला: पुढच्या रिमेची चार भोकं रिकामी सोडायची, मागच्या हबची चार भोकं रिकामी सोडायची.

"शादी में बी ऐसाच होता," तारा कापता कापता ते म्हणाले. "एक पंगत में चार पत्रावळी खाली, दूसरी पंगत में चार पाव्हणे खडे. क्या करते? खाना तो होताच है."

तारांची प्रत्येक जोडी वेगळ्या लांबीची करावी लागली. उस्ताद तीन दिवस आऊट काढत होते, म्हणजे चाक लचकतं कुठं ते बघून तारा आवळत होते. एका बाजूचा आऊट काढला की तो दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पाना ठेवला आणि जाहीर केलं, "आता हा आऊट ह्याच्या स्वभावात हाय. स्वभावाला पाना लागत न्हाई."

राहिला टायर. तो शिवायला मी घरातल्या घरातच कारागीर शोधला. आमची ही गोधड्या सुरेख शिवायची. जुन्या ताडपत्रीची पट्टी, पोटात ट्यूब, वरून मी एका जुन्या टायरचा पातळ सोललेला रबराचा पट्टा. तिनं दोन दुपारी बसून गोधडीच्या टाक्यानं दोन्ही टायर शिवले. शिवताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माहेरी विचारलं सासरी काय करतीस, तर काय सांगू? टायर शिवते?" शेवटी जिथं टोकं जुळली तिथं गाठ आली. ती गाठ सुपारीएवढी होती. ती म्हणाली, "बसंल दबून." मीही म्हणालो, बसेल.

चिकटवायचं कशानं, ह्यावर उस्ताद म्हणाले, "लाख. सुनार सोना पकडता लाख से, तेरा चिथडा क्या चीज है." त्यांच्याच गल्लीत लाखेच्या बांगड्या करणारी एक खाला होती. तिच्यापुढं शेगडी, हातात लाखेची कांडी. मी दोन रिमा घेऊन समोर बसलो. तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किसके नाप की है रे? इत्ता बडा हात किसका है?"

बांगडीच्या मापाचं गिऱ्हाईक आलं नाही, हे तिला पटवायला वेळ लागला. पटल्यावर मात्र तिनं काम झकास केलं. रिम शेगडीवर फिरवत तापवायची, लाख पन्हळीत ओढायची, आणि मी टायर दाबत जायचं. बोटं भाजली. सवयीनं तिनं शेवटी एक आरशाची टिकली मागच्या रिमेला चिकटवूनच टाकली. मी नको म्हणालो तर रागावली. "खाली चूडी नक्को देते किसीको."

एक गोष्ट चाकं बसवल्यावर लक्षात आली. आपल्या सायकलीचे ब्रेक कांब्यांचे. दांडी दाबली की रबरं रिमेला आतल्या अंगानं दाबतात. ह्या रिमांचं आतलं अंग गोल. त्यामुळे रबरं तिला थांबवत नसत, नुसती कुरवाळत. "ब्रेक का काम पैर से," उस्ताद म्हणाले. "रेस में रुकना किसको है?"

आणि खोटं कशाला बोलू, ती सायकल उडायची. मार्चच्या सकाळी गार वाऱ्यात मी हिंगोलीच्या वाटेला लागलो की पायांखाली काही आहे असं वाटत नसे. फक्त त्या सुपारीएवढ्या गाठीमुळं प्रत्येक फेऱ्याला एक धप्पा बसायचा, घोड्यावर बसल्यासारखा. एकदा तर मी एसटीला मागं टाकलं. ती पाव्हणे उतरवायला थांबली होती, पण मागं टाकलं ते टाकलं.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. म्हणजे धोंड्याचा महिना, ऐन मे महिन्याच्या उन्हात. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावतात, ओवाळतात, तेहतीस अनारसे ताटात ठेवतात. एक महिना जावई म्हणजे देवच. सासऱ्यांचा निरोप आला: लेकीला आधी पाठवा, जावईबापूंनी सायकलीवर यावं.

जीपमध्ये बसताना बायको म्हणाली, "जुनी चाकं बसवून या. आबाच्या ध्यानात येतंय."

मी म्हणालो, "रंग तोच, नाव तेच. तुझ्या वडलांना काय कळतंय?"

जीप निघाली तेव्हा तिनं खिडकीतून मान बाहेर काढून पुन्हा सांगितलं, "येतंय म्हनलं ध्यानात!"

पहाटे निघालो. सेनगावपर्यंत राजासारखा गेलो. नऊ वाजता ऊन चढलं आणि मला लाखेचा एक गुण समजला, जो बांगड्या करणाऱ्या प्रत्येक बाईला पाळण्यातच ठाऊक असतो: ऊन लागलं की ती मऊ होते. टायर रिमेवरून सरकायला लागला. चाक पुढं जायचं, टायर मागं राहायचा, मग एकदम येऊन गाठायचा. मी दर हातपंपाशी थांबून धोतराचं फडकं भिजवायचो, चाकांना गुंडाळायचो, पाच मिनिटं थंड करायचो आणि पुन्हा निघायचो. एका हातपंपावर बायका पाण्याला आल्या होत्या. एकीनं विचारलं, "ताप आला का हो हिला?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

सासरवाडीच्या वेशीपासून घरापर्यंत उतार आहे. हे मला लग्नाच्या दिवशीच ठाऊक झालं होतं, पण तेव्हा मी जीपमध्ये होतो. दारात सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या, शेजारी ही, मागं मामा. मी सासऱ्यांना मामाच म्हणायचो. उतारावर मी ब्रेकच्या दांड्या दाबल्या. रबरांनी रिमांना कुरवाळलं. मी पाय टेकवले, चपला निघाल्या. मी सगळ्यांना हसून नमस्कार करत दारावरून पुढं गेलो आणि शेरडांच्या वाड्याचा काट्यांचा झापा मोडून आत शिरलो. करडं चहूकडे उधळली. पुढचा टायर रिमेवरून सुटून माझ्या गळ्यात आला होता. सासूबाईंनी ताट तिथंच आणलं आणि वाड्यातच मला ओवाळलं. हार आधीच पडलेला होता.

मी पाटावर बसलो. समोर अनारसे, पुरणाचे धोंडे, तूप. पहिला घास घेतो न घेतो तोच बाहेर सायकल हलल्याचा आवाज आला. दारातून दिसलं: मामांनी सायकलीच्या दांडीखाली दोन्ही हात घातले होते. उचलली. डोळे मिटले. दोन श्वास थांबले. खाली ठेवली. पुन्हा उचलली.

मग आत आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"जावाईबापू, सायकल काहून वाळली?"

"वाळली? नाही मामा, ती हलकी केली. पुण्याकडं शर्यतीच्या..."

"म्या दिली तवा अंगानं भरल्याली व्हती. वर्साच्या आत निम्मी झाली."

"मामा, हलकं असणं चांगलं असतं."

"कुनासाठी?"

मामांनी हाक मारली, "इकडं ये गं लेकरा." ही आली. त्यांनी तिचा हात वर धरला. लाखेची बांगडी मनगटावरून घरंगळली ती थेट कोपरापर्यंत गेली. मामा बराच वेळ त्या बांगडीकडे बघत राहिले.

"मुकं जनावर बोलत न्हाई," ते म्हणाले. "सायकल बी बोलत न्हाई. लेक बी बोलत न्हाई. पन हाताला कळतं."

मी बायकोकडे बघितलं. एका वाक्यात ती मला सोडवू शकत होती. ती मुळातच काटकुळी होती, लग्नाआधी बांगडी तशीच घरंगळायची, एवढं जरी सांगितलं असतं! ती म्हणाली, "मला जेवू घालतात, आबा. सायकलीला काय घालतात, मला ठाऊक न्हाई." आणि पदराआड हसली.

निकाल लागला. लेक इथंच राहील. जावयानं आधी सायकलीच्या अंगावर मास चढवून आणावं, मामा उचलून बघतील, मग लेकीला न्यावं. हे सगळं त्यांनी अतिशय आदरानं, तुमी-तुमी करत सांगितलं आणि वर आग्रहानं आणखी दोन धोंडे वाढले. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा अपमान करायचा नसतो.

मी सायकल खांद्यावर घेऊन निघालो. निदान खांद्यावर घ्यायला तरी ती उत्तम होती.

घरी आल्यावर दोन दिवसांत गावात चर्चा सुरू झाली. धोंड्याला गेलेला जावई एकटा परत येतो, म्हणजे काय? आई म्हणाली, "काय केलंस?" मी म्हणालो, "काही नाही, सायकल वाळली." आई आत निघून गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पारावर बसलेली माणसं मी गेलो की गप्प व्हायची. ती माझ्यासाठी चूल पेटवेना, म्हणून रात्री मीच भाकरी थापायचो, ती उस्तादांच्या चाकासारखी व्हायची. आठवड्याभरानं मला शर्यत नको होती, एसटी नको होती, पुणे नको होतं. मला माझी बायको हवी होती. ताटावर बसून टोमणे मारणारं घरात कुणी नव्हतं, आणि टोमण्यांशिवाय भाकरी घशाखाली उतरत नव्हती.

उस्तादांकडे गेलो. लोखंडी रिमा अजून लिंबाला लटकत होत्या, त्यांवर पंक्चरच्या ट्यूबा वाळत घातल्या होत्या.

"उस्ताद, जुन्या रिमा बसवा. आणि वजन वाढवा."

"कितना?"

"जमेल तितकं."

उस्तादांच्या खानदानात असं गिऱ्हाईक कधी आलं नव्हतं. त्यांनी जुनी चाकं विणली. ती विणताना माझ्याकडे एकदाही न बघता नुसते गुणगुणत होते. मग दूधवाल्याच्या सायकलीचं जाडजूड कॅरिअर लावलं. दोन स्टँड लावले, एक पुढं, एक मागं. तरी मला धीर येईना. मी सीट काढली आणि कयाधूच्या पात्रातली बारीक वाळू नरसाळ्यानं सायकलीच्या नळ्यांत ओतली, पार गळ्यापर्यंत. वर चिंध्यांचा बोळा ठोकून सीट बसवली.

"भाऊ," उस्ताद म्हणाले, "पहले हवा पे चलाने निकला था, अब जमीन में गाड रहा है. बीच में कुछ है के नहीं तेरे पास?"

ती सायकल सासरवाडीला न्यायला मला दीड दिवस लागला. सेनगावला मुक्काम केला. चढावर ढकलत होतो, उतारावर धरून ठेवत होतो. दारात पोचलो तेव्हा मामा करडांना पाला घालत होते. माझ्याकडे बघून प्रसन्न झाले. सायकलीभोवती एक फेरी मारली. धोतर खोचलं. दांडीखाली हात घातले आणि त्या जुन्या अंदाजानं, त्या भरल्या अंगाच्या सायकलीच्या अंदाजानं, त्यांनी जोर लावला.

कट् असा आवाज आला. मला वाटलं स्टँड मोडला. स्टँड दोन्ही शाबूत होते.

शेजाऱ्यांना हाक मारून आम्ही चौघांनी मामांना उचलून बाजेवर घातलं. पाठ धरली होती. सासूबाई तेल कोमट करायला धावल्या. मी बाजेपाशी हात जोडून उभा.

"मामा, भरली ना सायकल?"

मामांनी कण्हत डोळे उघडले. "अर्धीच उचलली व्हती. अंदाज यायच्या आधी पाठ गेली." थोडं थांबून म्हणाले, "अर्ध्या उचलीवर म्या आजपत्तोर कुनाच्या शेळीला बरं-वाईट म्हनलं न्हाई."

म्हणजे पाठ बरी होईपर्यंत निकाल तहकूब. वैदूनं येऊन पंधरा दिवस सांगितले.

आणि तोवर शेरडं कोण राखणार? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ज्या महिन्यात जावई देव असतो, त्या महिन्यात मी खांद्यावर घोंगडी टाकून सत्तर शेरडांमागं माळावर फिरलो. शेरडांनी पहिल्याच दिवशी मला ओळखलं. मी डावीकडं हाकललं की ती उजवीकडं जायची, आणि मी मुद्दाम उजवीकडं हाकललं तर खरंच उजवीकडं जायची. संध्याकाळी परतलो की ही दारात उभी असायची.

"किती आणली?"

"सत्तर."

"बहात्तर व्हती."

मग ती जाऊन दोन घेऊन यायची. दुपारी माळावर भाकरी आणायची, बाभळीखाली बसायची, माझ्या टाचेतले काटे काढायची आणि काढता काढता म्हणायची, "शर्यतीचे पाय हायत. जपाय पायजे." एके दिवशी मी विचारलं, "त्या दिवशी बांगडीबद्दल का नाही सांगितलंस?" ती काट्याकडं बघत म्हणाली, "म्या चाकं बदलू नका म्हनलं तवा तुमी कुठं ऐकलं? म्हनलं, आबाचं ऐकतील."

दहाव्या दिवशी मामा उशीला टेकून बसायला लागले, पण उचलणं अजून दूर होतं. सकाळी त्यांनीच मार्ग काढला.

"लेकरा, तू उचल. तुला माझा अंदाज हाय. ल्हानपनापासून करडं उचललीस."

सायकल अंगणाच्या मध्ये आणली. सासूबाई चूल सोडून दारात आल्या. हिनं पदर खोचला, दांडीखाली हात घातले, डोळे मिटले. सायकल वीतभर उचलली गेली. ती थांबली. मग तिनं सायकल जराशी हलवली, कान लावला, आणि खाली ठेवली.

"आबा, मीठ चारून पानी पाजलंय हिला."

बाजाराच्या आदल्या दिवशी काही लोक शेळीला मीठ चारतात. मग ती घटाघटा पाणी पिते आणि सकाळी टुम्म दिसते. मामांच्या घरात हे काम चोरीपेक्षा हलकं समजत.

तिनं सीट ओढून काढली, चिंध्यांचा बोळा उपसला आणि सायकल उलटी केली. कयाधूची वाळू सुरसुर करत अंगणात पडायला लागली. पडत राहिली. एवढी वाळू मी कधी ओतली होती, माझं मलाच नवल वाटलं. एक शेळी येऊन ढीग हुंगून गेली.

"जावाईबापू," मामा म्हणाले, "हे तुमी केलं?"

"व्हय मामा."

"काहून?"

पुणं, शर्यत, वजन, छटाक, शेर, सगळं तोंडाशी आलं आणि गेलं. मी म्हणालो, "हिला न्यायचं होतं."

मामांनी लेकीला हातानं खूण केली. तिनं सायकल सरळ केली आणि पुन्हा उचलली.

"आता बराबर हाय, आबा. चाकं जुनीच हायत. तुमी दिलती तेवढीच हाय. जरा कॅरिअरचं जास्त हाय, ते ऱ्हाऊ द्या."

"आन् तू?"

"मी कशी हाय, ते तुमी बघा. उचला मला."

मामा बाजेवर जरासे हलले आणि कण्हले. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"पाव्हणं, तुमी उचला."

"काय मामा?"

"उचला तिला. म्या महिनाभर दूध-तूप घालून भरल्याली हाय. तुमच्या हातात देतोय, तर तुमच्या हाताला अंदाज पायजे. उद्या कमी झाली तर आदी तुमाला कळलं पायजे. मला न्हाई."

सासूबाई तोंडात पदर कोंबून भिंतीकडं वळल्या. शेजारच्या घरांतून दोन-चार डोकी बाहेर आली. लग्नातसुद्धा मी बायकोला चारचौघांत हात लावला नव्हता. सासऱ्यांच्या अंगणात दिवसाढवळ्या सासऱ्यांच्या हुकमानं तिला उचलणं म्हणजे... पण सायकल समोर उभी होती, बोचकं बांधलेलं दिसत होतं. ते बोचकं तिनं सायकल उचलायच्या आधीच बांधून ठेवलं होतं, हे मला तेव्हा दिसलं. मी तिला उचललं.

"डोळे मिटा," मामा म्हणाले. "डोळे मिटल्याबिगर कळत न्हाई."

मी डोळे मिटले. करडं पायांत घोटाळत होती. ती हसू दाबत होती म्हणून माझ्या हातांत सारखी हलत होती. काही केल्या मला अंदाज येईना.

"किती भरली?"

ती माझ्या कानात कुजबुजली, "जास्तच सांगा."

"लै जड आहे, मामा," मी म्हणालो.

मामांनी बाजेवरून मान डोलावली.

"मग न्या," ते म्हणाले. "पर आदी खाली ठिवा."